कमांडरमध्ये दर वेळी सहाव्या-सातव्या टर्नला डेक झोपतो: बिघाड शोधायचा कसा?

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातल्या कमांडर प्रकारात तक्रार ठरलेली असते. पहिले चार टर्न झकास जातात. टेबलावर आपले पाच-सहा क्रीचर (लढणारी कार्डं) उभे, समोरचा एक जण अजून नुसती लँडच (ज्यांतून कार्डांची किंमत, म्हणजे माना, मिळतो) मांडतोय. मग सहाव्या-सातव्या टर्नला कुणीतरी बोर्ड वाइप (टेबलावरचे सगळे क्रीचर उडवणारं कार्ड) टाकतो आणि सगळं साफ होतं. हातात उरतं एक लँड आणि एक असं कार्ड, ज्याचा आता काही उपयोग नाही. पुढचा तासभर वरचं एक कार्ड ओढायचं, ते खाली ठेवायचं आणि "माझं झालं" म्हणून पुढच्याकडे बघायचं.

फोंड्याच्या आमच्या रविवारच्या मंडळीत हे इतक्या जणांच्या बाबतीत आणि इतक्या वेगवेगळ्या डेकांत पाहिलंय की नशिबावर ढकलायला जागाच राहत नाही. म्हापशाहून येणाऱ्याचा एल्फ डेक असो की साखळीच्या पोराचा गॉब्लिन डेक, लक्षण तेच. उपायही सगळे एकच करतात: आणखी एक महागडं क्रीचर मागवतात. सुटी कार्डं आमच्याकडे बहुतेक गोव्याबाहेरून कुरियरने येतात. पैसे जातात, दिवस जातात आणि नवं कार्ड घातलेला डेक पुन्हा त्याच टर्नला आडवा होतो.

बोलतोय ते चार जणांच्या टेबलाबद्दल. १०० कार्डांचा डेक (त्यातलं एक मुख्य कार्ड, म्हणजे कमांडर, बाजूला कमांड झोनमध्ये असतं), बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्ड एकदाच, सुरुवातीला ४० लाइफ, एवढं माहीत आहे असं धरतो. दोघांच्या डावाला यातलं बरंचसं लागू पडत नाही. उलट दोघांच्या डावाची सवयच इथे आडवी येते.

आधी कोसळतो त्या क्षणी काय होतं ते लिहून ठेवा

डेक उघडून कार्डं काढायला-घालायला लागण्याआधी पुढचे काही डाव एक काम करा. ज्या टर्नला "आता आपलं संपलं" असं वाटेल, त्या टर्नला मोबाइलवर तीन गोष्टी टिपून ठेवा: हातात कार्डं किती, टेबलावर आपली लँड किती आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत आपल्यावर कुणी-कुणी हल्ला केला. डाव संपल्यावर आठवून लिहू नका. तोवर प्रत्येकाला आपल्यावर अन्याय झाला एवढंच आठवतं.

हात रिकामा आणि लँड भरपूर असेल तर कार्ड ओढण्याची सोय कमी आहे, किंवा तुम्ही सगळं एकदम टेबलावर ओतताय. हात भरलेला आणि लँड चारच असतील तर प्रश्न माना कमी पडण्याचा. हातही ठीक, लँडही ठीक, पण तिघेही तुमच्याच अंगावर येत असतील, तर बिघाड डेकमध्ये कमी आणि तुम्ही तो कसा खेळता त्यात जास्त. बाहेरून तिन्ही आजार सारखेच दिसतात, औषधं मात्र वेगळी. लँड कमी असलेल्या डेकात कार्ड ओढणारी कार्डं भरली तर हात फुगतो आणि डाव तिथेच अडतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त सापडतो तो पहिला प्रकार.

वाइप येणार म्हणजे येणारच

"नेमका मी पुढे असतानाच त्याला वाइप कसा मिळतो?" या प्रश्नाचं उत्तर साध्या गणितात आहे. समजा तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या डेकात प्रत्येकी तीन वाइप आहेत. तीन म्हणजे काही फार नव्हेत. चौघांच्या डावात पहिला खेळणाराही पहिल्या टर्नला कार्ड ओढतो, म्हणजे सहाव्या टर्नपर्यंत प्रत्येकाने ९९ पैकी १३ कार्डं पाहिलेली असतात. एका माणसाच्या त्या १३ कार्डांत निदान एक वाइप असण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. तिघांपैकी निदान एकाकडे तो असण्याची शक्यता जाते ७२ टक्क्यांवर. यात कुणी जादा कार्डं ओढली हे धरलेलंच नाही, आणि ओढतात तर सगळेच.

दोघांच्या डावात हाच आकडा ३५ असतो. तिथे सगळे क्रीचर टेबलावर टाकून धडक मारणं शहाणपणाचं ठरू शकतं, कारण तीनातल्या दोन वेळा समोरच्याकडे उत्तर नसतं. शिवाय २० लाइफ संपवायची असतात. इथे संपवायची आहेत तीन जणांची मिळून १२०. लाइटनिंग बोल्टचे ३ डॅमेज दोघांच्या डावात समोरच्याच्या लाइफचा सातवा हिस्सा खातात, चौघांच्या डावात चाळिसावा. म्हणून इथे सहाव्या टर्नला वाइप आला तर दैवाला बोल लावण्यात अर्थ नाही. जूनमध्ये पाऊस आला म्हणून कुणी कपाळ बडवत नाही, घर आधी मे महिन्यात शाकारून ठेवतात.

टेबल वाचायला शिकलं तर वाइप बऱ्याचदा आधी दिसतो. ज्याच्यापुढे पाचव्या टर्नलाही एखादंच क्रीचर आहे आणि हात मात्र भरलेला आहे, त्याच्याकडे बघा. तो क्रीचर का उतरवत नाही? रॅथ ऑफ गॉड चार मानाचा, फेअरवेल सहाचा. दोन्ही सॉर्सरी, म्हणजे ती त्याच्या स्वतःच्या टर्नलाच येणार. त्यामुळे त्याचा टर्न यायच्या आधी तुमचा हात किती रिकामा आहे, हा हिशोब तुमच्या हातात असतो. सायक्लॉनिक रिफ्ट मात्र इन्स्टंट, म्हणजे कुणाच्याही टर्नला चालणारा. निळ्यावाल्याने सात लँड न वापरता मोकळी सोडली की त्याच्या आधीचा टर्न संपता संपता (एंड स्टेपला) तुमचा सगळा संसार हातात परत येऊ शकतो.

ब्लास्फीमस ॲक्टचा किस्सा निराळाच. किंमत नऊ माना लिहिलेली असते म्हणून नवखे त्याला घाबरत नाहीत. पण टेबलावरच्या प्रत्येक क्रीचरमागे ती एकने कमी होते आणि त्यात चौघांचेही क्रीचर मोजले जातात. एकूण आठ क्रीचर असतील तर लाल एका मानात प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज. तुमच्या सहा एल्फांनीच त्याचं बिल भरलेलं असतं.

किती उतरवायचं आणि किती राखायचं

माझा ठोकताळा असा: टेबलावर जेवढं आहे तेवढ्याने दोन टर्नांत एक जण बाद होऊ शकत असेल, तर पुढचं क्रीचर हातातच ठेवायचं. तो माना कार्ड ओढण्यात घालवा, लँड शोधण्यात घालवा, नाहीतर वाचवणारं कार्ड हाताशी ठेवून मोकळा सोडा. वाइप झाल्यावर पुढच्याच टर्नला दोन चांगले क्रीचर उतरवणारा माणूस एकदम सगळ्यांच्या पुढे जातो, कारण बाकीचे तिघेही शून्यावर आलेले असतात. वाइप तुम्हाला मारत नाही, वाइपनंतरचा रिकामा हात मारतो.

बचावाची कार्डं घेताना मात्र नीट वाचून घ्या. हिरव्यात सगळे डोळे मिटून हिरोइक इंटरव्हेन्शन घालतात. दोन मानांत तुमचं सगळं इन्डिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारं) आणि हेक्सप्रूफ (प्रतिस्पर्ध्याला टार्गेट न करता येणारं) होतं, छान आहे, रॅथ आणि ब्लास्फीमस ॲक्ट दोन्हींतून तारतं. पण फेअरवेल नष्ट करत नाही, एक्झाइल करतं, म्हणजे डावातूनच बाहेर काढतं. टॉक्सिक डेल्यूज क्रीचरचा टफनेसच (तो किती डॅमेज सोसतो तो आकडा) उतरवतं. ओव्हरलोड केलेला (सात माना देऊन सगळ्यांवर एकदम चालवलेला) रिफ्ट कुणाला टार्गेट करत नाही, त्यामुळे हेक्सप्रूफ त्याच्यापुढे फुकट. या तिन्हींपुढे ते कार्ड काहीच करत नाही. पांढऱ्यातलं टेफेरीज प्रोटेक्शन सगळ्यातून वाचवतं, पण खिशालाही जाणवतं. तुमच्या टेबलावर कुठले वाइप खेळले जातात ते बघा आणि त्याप्रमाणे पैसे घाला.

कार्ड ओढणं

अशा झोपणाऱ्या डेकांत मी कार्ड ओढणारी कार्डं मोजतो तेव्हा ती बहुधा चार-पाच निघतात. मालक मात्र छातीठोक सांगतो, "अरे, ड्रॉ पुष्कळ आहे रे." चार असतील तर चौथ्या टर्नपर्यंत पाहिलेल्या ११ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता ३८ टक्के. दहा असतील तर ७१. एवढाच बदल करा, म्हणजे सहा क्रीचर काढून सहा ड्रॉ घाला, की निम्म्या लोकांची तक्रार तिथेच संपते. महाग क्रीचरपेक्षा हे स्वस्तही पडतं.

पण ड्रॉ म्हणून काय धरायचं, यात घोळ होतो. लालवाले फेथलेस लूटिंग मोजतात. दोन ओढायची आणि दोन टाकायची, वर ते कार्ड स्वतःही खर्च झालं. हात निवडक होतो, मोठा होत नाही. ग्रेव्हयार्डवर (टाकलेल्या कार्डांच्या ढिगावर) चालणाऱ्या डेकात ते सोन्यासारखं आहे, गॉब्लिनमध्ये नाही. काळ्यात नाइट्स व्हिस्पर दोन मानांत दोन कार्डं देतं. फिरेक्सियन अरीना दर टर्नला एक देतं आणि एक लाइफ घेतं, ४० लाइफच्या डावात हा सौदा चांगलाच. हिरव्यात हार्मनाइज सरळ तीन कार्डं देतं. तीसेक क्रीचर असलेल्या डेकात बीस्ट व्हिस्पररसारखं दुसरं काही नाही, कारण प्रत्येक क्रीचर खेळताना एक कार्ड मिळतं. छोट्या टोकनांचा (दुसऱ्या कार्डांनी निर्माण केलेल्या क्रीचरांचा) डेक असेल तर स्कलक्लँप. १/१ टोकनला तो लावला की टोकन लगेच मरतं आणि दोन कार्डं हातात येतात. एका मानाला दोन कार्डं, तीही कुठल्याही रंगात.

एकच पथ्य: सगळे ड्रॉ क्रीचरवर किंवा क्रीचर जिवंत असण्यावर बेतू नका. बीस्ट व्हिस्परर वाइपमध्ये बाकीच्यांबरोबरच जातो. दहापैकी निदान चार-पाच कार्डं अशी हवीत जी मोकळ्या टेबलावरही चालतील. वाइपनंतर खरी गरज त्यांचीच असते.

लँड

यावर फार बोलायला नको. डेक शंभराच्या वर गेला की पहिली कात्री लँडवर चालते आणि लोक ३२ वर येऊन थांबतात. ३२ लँडमध्ये चौथ्या टर्नपर्यंत सरासरी साडेतीन लँड दिसतात, ३७ मध्ये चारच्या थोडी वर. म्हणजे ३२ वाल्याचा चौथा टर्न बऱ्याचदा वाया जातो. ३७ लँड आणि त्यावर सोल रिंग, आर्केन सिग्नेट, हिरवा असेल तर कल्टिव्हेट धरून दहाएक रॅम्प (लवकर जास्त माना देणारी कार्डं). ज्याचा डेक सगळा दोन-तीन मानांचा आहे त्याने ३५ ठेवावेत, त्याखाली नको. सोल रिंग सुरुवातीच्या सात कार्डांत येण्याची शक्यता सात टक्के, तेव्हा "सोल रिंग आली की चालतो" असा डेक म्हणजे न चालणारा डेक. पहिला मलिगन (हात परत करून नवा घेणं) इथे फुकट असतो, म्हणजे पुन्हा पूर्ण सात कार्डं ठेवता येतात. तरी दोन लँडचा हात "बघू, येईल पुढे" म्हणत ठेवणारे कमी होत नाहीत.

एक बारीक गोष्ट. इंटरनेटवरून जुनी यादी जशीच्या तशी उचलली असेल तर तीत माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस किंवा डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आहे का बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये या तिन्हींवर कमांडरमध्ये बंदी आली. ती काढून तिथे काहीबाही भरलं असेल तर त्या यादीचा मानाचा सगळा हिशोबच मोडलेला असतो, कारण बाकीची कार्डं त्या वेगावर बेतलेली होती.

कमांडरची किंमतही इथेच तपासा. कमांड झोनमधून तो दुसऱ्यांदा खेळताना दोन माना जादा, तिसऱ्यांदा चार. पाच मानांचा कमांडर दोनदा मारला गेला की नऊ मानांचा होतो आणि त्याच्याशिवाय डेक हलतच नसेल तर तिथेच डाव संपला. असा डेक बांधायचा असेल तर तीन मानांचा कमांडर शोधा. नाहीतर कमांडर कधी आलाच नाही तरी डेक काय करेल, याचं उत्तर हाताशी ठेवा.

"सगळे माझ्याच मागे का?"

कारण तुम्ही दिसता. तिघांना तुमचा हात दिसत नाही, टेबल दिसतं. पहिल्या टर्नला सोल रिंग, तिसऱ्याला कमांडर, चौथ्याला दोघांवर हल्ला. मग पाचव्या टर्नला तिघांचीही नजर तुमच्यावरच असणार. त्यात व्यक्तिगत काही नाही. चवथीच्या सुट्टीत, घरात पाहुणे असताना चाललेल्या डावांत हे जास्तच दिसतं. सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात आणि कोण आधी उसळतो हे सगळ्यांना पाठ असतं.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, उशिरा उठून दिसायचं. रॅम्प आणि ड्रॉ आधी, भीती घालणारं क्रीचर नंतर, आणि तेही वाचवायचे माना हाताशी असताना. आधीच्या टर्नांत एक-दोन बरे ब्लॉकर पुरतात. प्रोपगंडासारखं कार्ड फार काम करतं. तुमच्यावर हल्ला करायचा तर दर क्रीचरमागे दोन माना मोजायचे, म्हणजे आळशी माणूस आपोआप शेजाऱ्याकडे वळतो. ‘गोड’ (goad, म्हणजे डिवचणं) लावणारी कार्डंही तशीच. समोरच्याच्या क्रीचरला तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत हल्ला करावाच लागतो आणि शक्य असेल तोवर तो तुम्हाला सोडून दुसऱ्यावर. तुमचं काही न जाता बाकीच्यांची लाइफ उतरते.

दुसरी वाट बोलण्याची आणि ती लोक कमी वापरतात. एकाला एक मारणारी कार्डं इथे महाग पडतात. स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्सने तुम्ही एकाचं क्रीचर घालवलं तर तुमचं एक कार्ड गेलं, त्याचं एक गेलं आणि बाकीच्या दोघांचं काहीच गेलं नाही. म्हणून ते कार्ड स्वतःसाठी जपा. टेबलाला धोका आहे असं क्रीचर आलं तर आधी विचारा, "कुणाकडे आहे उत्तर?" दुसऱ्याकडे असेल तर त्याचं जाऊ दे. करार करायचा तर मुदतीचा आणि छोटा: "या फेरीत तू माझ्यावर येऊ नको, मी तुझं एन्चँटमेंट सोडतो." डावभराची मैत्री कुणी पाळत नाही, आणि पाळली तर बाकीचे दोघे वैतागतात.

हल्ला कुणावर करायचा, हेही बहुतेक जण चुकीचं ठरवतात. ज्याचे क्रीचर मोठे त्याच्यावर नको. ज्याच्यापुढे रिस्टिक स्टडी बसली आहे आणि जो तुमच्या प्रत्येक स्पेलला "एक देतोस का?" विचारत कार्ड ओढतोय, त्याच्यावर जा. मोठा क्रीचर वाइपमध्ये जाईल, नऊ कार्डांचा हात जाणार नाही.

संपवता येत नसेल तर

क्वचित उलटं दुखणं असतं. डेक झोपत नाही, पण जिंकतही नाही आणि डाव रात्री अकरापर्यंत चालतो. हिरव्याला ओव्हररनसारखं सगळ्यांना +३/+३ आणि ट्रॅम्पल (ब्लॉकरला पुरून उरलेलं डॅमेज आत जाणं) देणारं कार्ड लागतं, काळ्याला एक्झँग्विनेट किंवा ग्रे मर्चंट ऑफ अस्फोडेलसारखं तिघांची लाइफ एकदम खाणारं. अशी दोन-तीन पुरेत. कमांडर डॅमेजवर (कमांडरने हल्ल्यात केलेल्या डॅमेजवर) जिंकायचं असेल तर एकाला २१ लागतात, तिघांना ६३, आणि पहिला बाद झाला की उरलेले दोघे एक होतात. शिवाय एकाला पाचव्या टर्नला बाद करून दीड तास स्वयंपाकघरात बसवणं मला तरी पटत नाही. आणि त्याचा क्रीचर तुम्ही ताब्यात घेतला असेल तर तो बाद होताना त्याची सगळी कार्डं टेबलावरून जातात, तुमच्याकडचा तो क्रीचरसुद्धा.

पावसाळ्याचं एक. फॉइल कार्डं आपल्या दमट हवेत वाकतात, जुलैत तर स्लीव्हमध्येही. गठ्ठ्यात वरचं कार्ड फॉइल आहे हे लांबून कळतं आणि एखाद्या टेबलावर त्यावरून भांडण होतं. फॉइल कमांडर बाहेरच असतो, तो चालेल. बाकीची साधीच घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

दुरुस्ती झाली का, हे कसं बघायचं

रविवारची वाट बघायची गरज नाही. घरी एकट्याने सात कार्डं ओढा आणि समोर कुणी नाही असं धरून सहा टर्न खेळा. सहाव्या टर्नच्या शेवटी टेबलावरचे आपले सगळे क्रीचर स्वतःच ग्रेव्हयार्डमध्ये टाका. कमांडर कमांड झोनमध्ये, दोन माना जादा. आता सातवा आणि आठवा टर्न खेळा. आठव्याच्या शेवटी टेबलावर दोन कामाचे क्रीचर आणि हातात निदान दोन कार्डं उरली तर डेक तयार आहे. पुन्हा पिसा, पुन्हा करा. दहापैकी सहा-सात वेळा जमलं तर पुरे, दहाच्या दहा वेळा कुठलाच डेक उठत नाही.

जमलं नाही तर कुठे अडलं ते सुरुवातीच्या तीन टिपणांशी ताडून बघा आणि एका वेळी तीन-चारच कार्डं बदला. वीस बदलली की कशाने फरक पडला हे कळत नाही.

एवढं करूनही फरक पडला नाही तर टेबलावरच्या बाकी डेकांची ताकद विचारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने कमांडर डेकांचे पाच ब्रॅकेट (ताकदीच्या पायऱ्या) जाहीर केले. पहिल्या दोनांत गेम चेंजर (डाव फिरवणाऱ्या जबर कार्डांच्या) यादीतलं एकही कार्ड चालत नाही, तिसऱ्यात तीनपर्यंत चालतात. रिस्टिक स्टडी आणि सायक्लॉनिक रिफ्ट दोन्ही त्या यादीत आहेत. तुमचा डेक दुसऱ्यातला आणि बाकी तिघांचे चौथ्यातले असतील तर वर लिहिलेलं काहीच पुरणार नाही. बसायच्या आधीच विचारायचं, "आज कुठल्या ब्रॅकेटला खेळतोय?" आणि एखाद्याच्या डेकात सात-आठ वाइप असतील तर त्याला तेही सांगून टाकायचं, की बाबा, दोन काढ, नाहीतर पुढच्या रविवारी तुझ्यासमोर बसायला कुणी उरणार नाही.